दोन डब्या: आईच्या पित्ताशयाच्या कॅन्सरचं निदान

आमच्याकडे छातीत जळजळलं तर पित्त, डोकं चढलं तर पित्त, उलटी झाली तर पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळे आईला उजव्या बरगडीखाली दुखायचं ते खरोखरीच पित्ताच्या पिशवीचं दुखणं आहे, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तोवर कोकम सरबत झालं, थंड दूध झालं, आवळासुपारी झाली. मेडिकलवाल्याकडून सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळीच्या किती पट्ट्या संपल्या, त्याचा हिशेब नाही. गोळीनं बरं वाटायचंही, म्हणून तर दिवस गेले.

हे सगळं जुलै ते नोव्हेंबर २०२४ मधलं. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आई, अण्णा, दादा आणि वहिनी लोणंद-फलटण रस्त्यावरच्या आमच्या गावी. आई तेव्हा ५७ वर्षांची. ना बीपी, ना शुगर.

जुलैत माउलींची पालखी आमच्या भागातून गेली. दरवर्षीसारखा आईनं दिंडीतल्या चाळीसेक माणसांचा स्वयंपाक केला आणि रात्री उरलेली भजी खाल्ली. पहाटे तीनला ती उठून बसली. कळ पोटातून निघून उजव्या खांद्याच्या मागे जात होती, घाम फुटला होता. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "एकदा सोनोग्राफी करून घ्या, हे साधं पित्त वाटत नाही."

२२ जुलैला, सोमवारी, आईला फलटणला सोनोग्राफीला नेलं. १,००० रुपये. त्यासाठी रात्रीपासून काही खायचं नसतं. खाल्लं की पिशवी आकसते आणि आतलं नीट दिसत नाही. आई चहा पिऊन गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. रिपोर्टमध्ये पिशवीत अनेक खडे होते, सगळ्यात मोठा १४ मिलिमीटरचा. आणि खाली एक ओळ, जी तेव्हा आम्ही कुणीच वाचली नाही: टोकाकडच्या भागात भिंतीची जाडी ५ मिलिमीटर. साधारण ३ मिलिमीटरपर्यंतची भिंत ठीक समजतात, हे मला ऑक्टोबरात कळलं. खड्यांमुळे सूज येऊनही भिंत जाड होते आणि बहुतेक वेळा कारण तेच असतं. म्हणून सर्जननी "सूज आहे, पिशवी काढून टाकू" म्हटलं यात वावगं काही नव्हतं. मात्र पुढे कॅन्सरच्या सर्जननी तोच कागद पाहून सांगितलं, की जाडी सगळीकडे सारखी नसून एकाच जागी असेल, तर ऑपरेशनच्या आधी एक सीटी करून घेतलेला बरा. तुमच्या घरी कुणाचा असा रिपोर्ट असेल तर ही ओळ बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशनची तारीख ऑगस्टमधली मिळत होती. आई म्हणाली, "गौरी झाल्याशिवाय मी हलायची नाही." ७ सप्टेंबरला गणपती, १० ला गौरी. मी फोनवर हो म्हणून मोकळी झाले, कारण खड्यांचं ऑपरेशन म्हणजे हल्ली दोन दिवसांची गोष्ट. या 'हो'चा मला नंतर फार त्रास झाला. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हा आजार महिन्याभरात उगवलेला नसतो." दिलासा देण्यासाठी म्हणाले की खरंच, हे मी अजून ठरवलेलं नाही.

१९ सप्टेंबरला, गुरुवारी, जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पितृपक्ष लागला होता म्हणून आत्याबाई नाराज. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांचं नाव आहे, त्यामुळे ५८,००० चं बिल कॅशलेस झालं. (स्वतः काढलेल्या पॉलिसीत खड्यांच्या ऑपरेशनला बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीत ती अट सहसा नसते. एचआरला एक मेल टाकून खात्री करून घ्या.)

तासा-दीड तासानं डॉक्टर बाहेर आले ते स्टीलचा ट्रे घेऊनच. कापून उघडलेली पिशवी आणि तिच्यातून निघालेले खडे. हिरवट-पिवळे, हरभऱ्यापासून बोराएवढे. दादाच्या मुलानं मोजले, सतरा भरले. मग नर्सनं आमच्या हातात दोन डब्या दिल्या. छोटीत खडे, घरी नेऊन पाहुण्यांना दाखवायला. मोठीत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली पिशवी. "लॅबला द्यायची असेल तर द्या," ती म्हणाली, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली.

द्यायची असेल तर! या एका वाक्यावर आमचं सगळं अडलं होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

दादा म्हणाला, "अगं, खडे डोळ्यांनी दिसले की. आता लॅबला काय दाखवायचं? दीड हजार रुपये उगाच." अण्णांचंही तेच मत. मीही वाद घातला नाही. मोठी डबी हॉस्पिटलच्या खिडकीत दोन दिवस पडून होती आणि घरी निघताना दादा ती तिथंच कचऱ्यात टाकणार होता. पण डिस्चार्ज कार्डाच्या तळाला लिहिलं होतं: 'तपासणीचा रिपोर्ट घेऊन सात दिवसांनी दाखवणे.' यात माझी हुशारी काही नाही. मी अकाउंट्सची बाई आहे, कागदावर एखादी नोंद उघडी राहिली की मला झोप लागत नाही, इतकंच. मी म्हटलं, "दे इकडं, मी पुण्यात देते."

तर ती डबी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून, एसटीच्या अर्ध्या तिकिटावर माझ्या मांडीवर पुण्याला आली. शेजारच्या आजींनी विचारलं, "लेकाला लाडू का?" मी हो म्हणाले.

हे ज्यांना करावं लागेल त्यांच्यासाठी, लॅबमधल्या मॅडमनी मला सांगितलेलं: पिशवी फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडलेली हवी, ती फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि फॉर्मॅलिन नाही म्हणून सलाइन किंवा पाणी घालायचं नाही, त्यात पेशी खराब होतात. डबीवर पेशंटचं नाव, वय, ऑपरेशनची तारीख ठळक असू द्या. आमच्या डबीवर पेनानं लिहिलेलं नाव फॉर्मॅलिनच्या थेंबानं अर्धं पुसलं होतं. शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी लागते: कसलं ऑपरेशन, काय संशय, आधीच्या सोनोग्राफीत काय होतं. ती आमच्याकडे नव्हती. हॉस्पिटलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत आणखी दोन दिवस गेले. २३ सप्टेंबरला, सोमवारी, डबी जमा झाली. १,६०० रुपये. पावती जपून ठेवली, कारण आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळतात, आणि भरतीच्या आधीच्या ३० दिवसांतल्यांचेही.

रिपोर्ट सात दिवसांत मिळणार होता. १ ऑक्टोबरला लॅबमधून फोन आला. मला वाटलं, तयार झाला. "पेशंटला कावीळ होती का? वजन कमी झालंय? सोनोग्राफीचा पूर्ण रिपोर्ट पाठवता का? आम्ही अजून काही तुकडे घेतोय." मी विचारलं, काही आहे का. "मॅडम बघतायत." फोन ठेवल्यावर आठवलं, आईची चोळी गेल्या वर्षभरात सैल झाली होती. आम्ही म्हणायचो, तेलकट सोडलंय ना, म्हणून.

४ ऑक्टोबर. आदल्या दिवशी घट बसलेले. दुपारी चारनंतर ऑफिसात असताना मोबाइलवर पीडीएफ आली. मधली ओळ ठळक अक्षरांत होती: मॉडरेटली डिफरन्शिएटेड अ‍ॅडेनोकार्सिनोमा. पहिले दोन शब्द कळले नाहीत, तिसरा कळला: कॅन्सर. मी फाइल बंद करून परत उघडली. नाव तपासलं, वय तपासलं, डबीवरचं नाव पुसलं होतं म्हणून अदलाबदल झाली असेल अशी आशा धरून लॅबला फोन केला. त्या मॅडम स्वतः बोलल्या. त्यांनी घाई केली नाही. डबीचा नंबर, खड्यांमुळे आतल्या अस्तरावर पडलेल्या खुणा, सगळं सांगून म्हणाल्या, "आधी घेतलेल्या तुकड्यांत एका जागी शंका आली, म्हणून भिंतीचे आणखी तुकडे घेतले. त्यात नक्की झालं." म्हणजे पहिल्याच तुकड्यांवर त्या थांबल्या असत्या, तर रिपोर्ट कदाचित 'जुनी सूज' असाच आला असता.

ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन केला. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "हे मलाही अपेक्षित नव्हतं. आता वेळ घालवू नका, कॅन्सरच्या सर्जनकडे जा. मी चिठ्ठी देतो." दादाला रात्री सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ती डबी मी टाकून देणार होतो." आणि फोन कट केला. पुन्हा केला तर उचलला नाही.

८ ऑक्टोबरला पुण्यात कॅन्सर सर्जनची भेट. फी १,५००. आईला नेलं नव्हतं, फक्त कागद. मी प्रश्न लिहून नेले होते, पण आधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली. ऑपरेशनच्या वेळी पिशवी फुटली का? पित्त पोटात सांडलं का? बाहेर काढताना ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढली की तशीच? कुठल्या छिद्रातून? पिशवीच्या नळीच्या तोंडाशी आजार होता का? यातल्या शेवटच्याच प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये होतं: तोंड स्वच्छ. बाकीच्यांची उत्तरं डिस्चार्ज कार्डात नसतात. ती असतात ऑपरेशन नोटमध्ये, आणि तो कागद मागितल्याशिवाय हातात येत नाही. मला त्यासाठी अर्ज, आईचं आधार कार्ड, तिच्या सहीचं संमतिपत्र आणि दोन खेपा लागल्या. झेरॉक्सचे २०० रुपये. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच ती मागून ठेवा, काही होवो न होवो. आमच्या नोटमध्ये होतं: पिशवी फुटली नाही, बॅगेत घालून बेंबीच्या छिद्रातून काढली. डॉक्टरांनी ते वाचून मान हलवली, तेव्हा रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी रिपोर्टवरचे 'पीटी२बी' हे शब्द समजावले. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे चित्र काढून. पिशवीच्या भिंतीला थर असतात: आतलं अस्तर, मग स्नायू, मग सैलसर धाग्यांचा थर. आजार फक्त अस्तरात असता तर पिशवी काढली की काम झालं, पुढे काही नको. स्नायूत शिरला की तेवढ्यावर भागत नाही. आईचा तिसऱ्या थरात पोचला होता, तोही यकृताच्या बाजूला. त्या बाजूला पिशवीला वेगळं आवरण नसतं, ती सरळ यकृताला चिकटून असते. म्हणून दुसरं ऑपरेशन: यकृताचा लगतचा तुकडा आणि आसपासच्या लसिका गाठी (लिम्फ नोड, आजार पसरताना जिथं शिरू शकतो त्या छोट्या गाठी) काढायच्या. त्या गाठींचं परीक्षण झालं की आजार कुठवर आहे ते खरं कळेल. "म्हणजे निदान अजून पूर्ण झालेलं नाही," ते म्हणाले. "आता कळलंय ते नाव. पत्ता कळायचाय."

मी विचारलं, आधीच सुई घालून बायोप्सी का नाही केली? तर, काढता येण्यासारखा आजार असेल तर पित्ताशयाला सुई टोचायची टाळतात. सुईच्या वाटेनं किंवा सांडलेल्या पित्तातून पेशी पोटात पसरायची भीती असते. संशय दाट असेल तर सरळ मोठं ऑपरेशन करून तपासतात. सुईची बायोप्सी लागते ती आजार काढण्यापलीकडे गेला असेल तेव्हा, केमो देण्याआधी खात्री म्हणून. आणि हेही सांगितलं, की खडे असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा कॅन्सर कधीच होत नाही, पण कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या पिशवीत खडे सापडतात. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारकडे याचे रुग्ण फार, महाराष्ट्रात त्या मानानं कमी. जगात चिली देशात खूप.

रक्ताच्या तपासण्या ९ ला. सीए १९-९ आणि सीईए, या कॅन्सरच्या खुणा बघणाऱ्या तपासण्या, मिळून २,१०० रुपये, लिव्हरची तपासणी वेगळी. सीए १९-९ आला २१, म्हणजे ३७ च्या आत. मी आनंदानं डॉक्टरांना मेसेज केला. त्यांचं उत्तर: 'चांगलं आहे, पण यावर विसंबू नका.' काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही आणि कावीळ असली तर कॅन्सर नसतानाही तो वाढतो. आकडा पुढच्या तुलनेसाठी लिहून ठेवायचा, बस.

१० तारखेला सीटी, ८,००० रुपये. शिरेतून औषध सोडून वेगवेगळ्या वेळी फोटो घेतात, त्यासाठी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का, ते बघतात. आईला मी एवढंच सांगितलं होतं, की ऑपरेशननंतरची तपासणी आहे. बाहेर येऊन ती कुजबुजली, "अंगातून ऊन पाणी सोडल्यागत झालं गं. मला वाटलं साडी भिजली." तसं सगळ्यांनाच वाटतं, साडी भिजत नाही. हे आधी सांगा पेशंटला, नाहीतर बिचारी लाजून मरतात. सीटीत पिशवीच्या जागी थोडं पाणी साठलेलं दिसलं आणि रिपोर्टात त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. ऑपरेशनची सूज की उरलेला आजार? तीन आठवड्यांत सांगता येत नाही. मी त्या प्रश्नचिन्हाकडे बघत दसरा काढला.

आईला सांगायचं कसं यावर घरात रोज फोन चालायचे. अण्णा म्हणायचे, नाव काढू नका. पण स्लाइड दुसऱ्या ठिकाणी तपासून घ्या, असं सर्जनच म्हणाले होते आणि त्यासाठी मुंबईला जायचं ठरलं. मी आईला म्हटलं, "आपल्याला परळला एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय." ती कडाकण्या मोडून डब्यात भरत होती. म्हणाली, "परळला म्हंजे टाटाला ना? आवं, टाटाला काय खड्यांसाठी नेत्यात व्हय? मला पहिल्या फोनलाच कळलंय. तुम्ही रडून घ्या एकदाचं, मग मला नीट सांगा." मग मी पाकिटामागचं चित्र काढून तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "दुखंल का लई?"

जाण्याआधी लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड घ्याव्या लागतात. पिशवीचे तुकडे मेणात बसवलेले असतात, ते ब्लॉक. ते कापून काचेवर घेतलेले, त्या स्लाइड. दुसरा डॉक्टर फक्त रिपोर्ट वाचून मत देत नाही, त्याला हे लागतात. लेखी अर्ज केला, दोन दिवसांनी सहा ब्लॉक आणि आठ स्लाइड मिळाल्या. मोजून, यादीवर सही करून घ्या. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, आणि आमच्या गावाकडे त्याचं नाव म्हणजेच आजाराचं नाव. २१ ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी साडेसातला आम्ही तिथं. नोंदणी, फाइल नंबर, मग तो नंबर हेच तुमचं नाव. जनरल की प्रायव्हेट ते नोंदणीच्या वेळीच ठरवायचं असतं. मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, आधार, पाण्याची बाटली, शेंगदाणे, मोबाइलचा चार्जर आणि पायाला सोसतील अशा चपला, एवढं सोबत असू द्या. दिवस जातो.

रांगेत आईशेजारी बिहारहून आलेली एक बाई बसली होती, पन्नाशीची, डोळे हळदीसारखे पिवळे. मुलासोबत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली होती. आईची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं, पण दोघींचं जमलं. तिला आधी कधी दुखलंच नव्हतं. थेट कावीळ, अंगाला खाज, मातकट शौच. गावात दोन महिने काविळीचं झाडपाल्याचं औषध घेतलं. मग एमआरसीपी नावाचा एमआरआय झाला, पित्ताच्या नळीत स्टेंट बसला आणि आता सुईची बायोप्सी होणार होती. म्हणजे पुण्याच्या सर्जननी सांगितलेली सुईची वाट. आजार तोच, दोघी एकाच बाकावर. आईनं तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. तिचं पुढं काय झालं ते माहीत नाही, पण आई अजून काढते तिची आठवण.

डॉक्टरांनी आईला तपासलं, पाच-सात मिनिटं, पण पूर्ण लक्ष देऊन. ब्लॉक जमा झाले. पेट स्कॅन (शरीरात आजार आणखी कुठं आहे का ते पाहणारा) सुचवला, तो आम्ही २५ ला पुण्यात केला, १६,००० रुपये. सहा तास उपाशी, शुगर बघतात, मग किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन आणि तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं. बोलायचंसुद्धा नाही. आईला तेच अवघड गेलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. औषधाचा जोर साधारण दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे रात्रीपर्यंत फारसं उरत नाही. दादाचं धाकटं पोर दाराबाहेरून "आज्जी" करत रडत होतं, आई आतून. रिपोर्टमध्ये पिशवीच्या जागी आणि बेंबीजवळ किंचित चमक, 'सुजेमुळे असावी'. सूजही पेटवर चमकते, म्हणूनच पहिल्या ऑपरेशननंतर महिनाभर थांबून हा स्कॅन केला होता. लांब कुठं काही नव्हतं.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेला, टाटातला स्लाइडचा रिपोर्ट आला. पुण्याच्या मॅडमनी लिहिलं होतं तेच. सल्लाही तोच. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं, कारण पॉलिसी, राहायची सोय आणि दादाचा ऊस. पहिल्यानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत दुसरं झालेलं बरं असं दोन्हीकडे सांगितलं होतं. आम्ही आठव्या आठवड्यात होतो. इन्शुरन्सवाल्यांनी मध्येच प्रश्न काढला: पित्ताशय आधीच काढलंय, मग पुन्हा पित्ताशयाचं ऑपरेशन कसलं? दोन्ही पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र पाठवल्यावर, तीन दिवसांनी मंजुरी आली. दिवाळीत केलेल्या चकल्या कुणी खाल्ल्या आठवत नाही.

१२ नोव्हेंबरला ऑपरेशन. आधी दुर्बिणीनं नुसतं पाहायचं होतं, कारण पोटाच्या आवरणावरचे बारीक दाणे सीटीलाही दिसत नाहीत. ते सापडले तर मोठं ऑपरेशन न करताच बंद करणार होते. त्यामुळे आत नेल्यावर पहिल्या तासात कुणी बाहेर येऊ नये, अशी आमची प्रार्थना. दादा दाराकडे पाठ करून बसला. कुणी आलं नाही. दुपारी नर्स आली ती सांगायला, की मोठ्या रक्तवाहिनीजवळची गाठ आणि नळीचं टोक फ्रोझनला पाठवलंय. तुकडा गोठवून अर्ध्या तासात तिथंच बघतात. आम्हाला निरोप मिळायला पाऊण तास लागला. दोन्ही स्वच्छ. मग पुढचं ऑपरेशन.

बिल ३,४०,००० झालं, त्यातले २२,००० पॉलिसीनं दिले नाहीत. हातमोजे, गाऊन वगैरे. १९ ला घरी सोडलं. २० ला मतदान होतं आणि आईचं मत गावाला, पोटाला टाके घेऊन जाऊ दिलं नाही. त्याचं तिला ऑपरेशनपेक्षा जास्त वाईट वाटलं.

अंतिम रिपोर्ट २२ नोव्हेंबरला, शुक्रवारी, आला. यकृताच्या तुकड्यात आजार नाही. नऊ गाठी काढल्या, एकीत आजार. सीटीत नाही, पेटमध्ये नाही, पण गाठीत होता. त्या एका गाठीमुळे टप्पा दुसऱ्याचा तिसरा झाला आणि सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या ठरल्या: दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी. पालखीच्या पहाटेपासून या कागदापर्यंत साडेचार महिने. तपासण्यांचे आणि फीचे खिशातून साधारण ३८,००० गेले, त्यातले थोडे परत मिळाले. प्रवास धरलेला नाही.

गोळ्यांनी आईच्या तळपायांची सालं निघाली. तो वेगळा विषय, पुन्हा कधीतरी. जून २०२५ मध्ये शेवटची पट्टी संपली, त्यानंतरचा सीटी स्वच्छ आहे. पुढचा तीन महिन्यांनी.

खड्यांची छोटी डबी अजून घरी आहे. आई ती फेकू देत नाही. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, तेलाच्या बाटलीमागे ठेवलीय. मागच्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका काकूंचं खड्यांचं ऑपरेशन झालं. दादा भेटायला गेला. त्यांच्या मुलानं कौतुकानं खडे पुढे केले, "अकरा निघाले बघा." दादानं ते हातातसुद्धा घेतले नाहीत. विचारलं, "दुसरी डबी कुठाय?"